वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तूंसाठी लोकवर्गणी

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. गावातील बारव (पायऱ्यांची जुनी विहीर), वेस किंवा देऊळ मोडकळीस आले आहे, सरकारी निधीची वाट पाहून लोक थकले आहेत आणि आता गावानेच पैसा उभा करायचे ठरवले आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात दगडी बारव, दोन बुरुजांची वेस आणि महादेवाचे जुने देऊळ अशा तीन वास्तू आहेत. गेल्या पावसाळ्यात वेशीच्या उजव्या बुरुजाचे दगड ढासळले. तिन्ही वास्तू लोकवर्गणीतून दुरुस्त कराव्यात, असे ग्रामसभेत ठरले. यात्रेला मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, तेव्हा फलकावर क्यूआर कोड छापून वर्गणी सुरू करावी, असे तरुणांचे म्हणणे आहे. खाते तूर्त त्यांच्यापैकी एकाच्या नावावर आहे. आम्ही घाई करीत आहोत का?
– एक वाचक, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : होय, आणि ही घाई पुढे महागात पडू शकते. पैसा कोठून आणायचा हा आपल्याला पहिला प्रश्न वाटत असला, तरी त्याच्या आधी या तिन्ही वास्तू कोणाच्या आहेत याचे उत्तर कागदावर मिळवावे लागेल. गावाच्या बोलण्यात तिन्ही ‘गावच्या’ असतात. दप्तरात तसे क्वचितच आढळते. बारव एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर नुसती ‘विहीर’ म्हणून असते आणि तिच्यात चार भावकींचे हिस्से निघतात. वेस गावठाणात असल्याने तिच्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (कर आकारणीचा उतारा) किंवा गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका पाहावी लागते. देऊळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर विश्वस्तांची नावे मिळतात, आणि ती नावे पुष्कळदा हयात नसलेल्यांची असतात. हे उतारे हातात आल्यावर प्रत्येक मालकाची लेखी संमती घ्यावी. भावकीतील एकाने जरी मध्येच काम अडवले, तरी जमलेला पैसा खात्यात पडून राहतो आणि गावात नको ती कुजबुज सुरू होते.

दुसरी चौकशी पुरातत्त्व खात्याकडे करावी. वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल, तर तिला १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो, आणि राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा. दोन्ही प्रकारांत गावाला परस्पर एक दगडही हलवता येत नाही. केंद्रीय स्मारकाच्या बाबतीत २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतालचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र मानले जाते. त्यामुळे आपली वेस यादीत नसली, तरी शेजारचे देऊळ यादीत असल्यास वेशीच्या दुरुस्तीलाही परवानगी लागू शकते. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात छायाचित्रांसह अर्ज दिल्यास वास्तू संरक्षित आहे किंवा नाही, हे लेखी कळू शकते. बहुसंख्य गावांतील बारवा आणि वेशी कोणत्याच यादीत नसतात. त्यामुळे गावाला मोकळीक मिळते, पण चुकीचे काम थांबवायला कोणी येतही नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता खात्याविषयी. व्यक्तीच्या नावावरील खात्यात गावाची वर्गणी घेऊ नये. तो तरुण कितीही सज्जन असला, तरी त्याच्यावर हा भार टाकणे अन्यायाचे आहे. देवळाचा न्यास नोंदणीकृत आणि चालता असेल, तर त्याच्या नावाने स्वतंत्र खाते उघडणे सोयीचे ठरते. तसे नसेल आणि केवळ समिती स्थापून वर्गणी घ्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. ती मुदतीची असते आणि काम झाल्यावर हिशेब सादर करावा लागतो. तीन-चार वर्षे चालणाऱ्या कामासाठी म्हणूनच नोंदणीकृत न्यास केलेला बरा. ग्रामपंचायतीच्या ग्रामनिधीत पैसे घेण्याचा मार्गही काही गावे सुचवतात. तो कायदेशीर आहे, परंतु पंचवार्षिक निवडणुकीनंतर नव्या सदस्यांना जुन्या कामात रस राहीलच असे नाही, म्हणून आम्ही तो दुसऱ्या पसंतीचा मानतो.

सह्यांचा अधिकार तिघांना द्यावा आणि पैसे काढण्यासाठी त्यांपैकी दोघांच्या सह्या आवश्यक ठेवाव्यात. त्या तिघांत गावातील बचत गटाची एखादी अनुभवी अध्यक्षा किंवा सचिव असावी, असे आम्ही आग्रहाने सुचवू. दर महिन्याला वीस जणींसमोर पै-पैचा हिशेब वाचून दाखवण्याची सवय असलेली दुसरी व्यक्ती गावात सहसा सापडत नाही. जमाखर्चाचा कागद दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला चावडीवर लावावा, त्यात शिल्लक रकमेबरोबर कोणत्या पावतीने कोणाला किती दिले हेही लिहावे, आणि मूळ पावत्यांची फाइल मागेल त्याला चावडीतच बसून पाहू द्यावी.

यात्रेचा मुहूर्त वाया जाईल, ही तरुणांची हळहळ समजण्यासारखी आहे. त्या दिवशी वर्गणीऐवजी श्रमदानाचे आवाहन करता येईल. परभणी जिल्ह्यातील वालूर येथील चक्राकार पायऱ्यांची बारव ग्रामस्थांनी अशाच श्रमदानाने गाळातून मोकळी केली. महाराष्ट्र बारव मोहिमेच्या पुढाकाराने अनेक गावांत महाशिवरात्रीला बारवेच्या पायऱ्यांवर दिवे लावले जातात, त्याआधी स्वच्छता होते आणि वर्षानुवर्षे त्या बाजूला न फिरकलेली माणसे पायऱ्या उतरतात. बारव डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडे वर्गणी मागणे पुष्कळ सोपे जाते. मात्र ढासळलेल्या बुरुजाच्या दगडांना श्रमदानात हात लावू देऊ नये. ते जेथे पडले तेथेच राहू द्यावेत, त्यांवर खडूने क्रमांक घालावेत आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. कोणता दगड कोठे बसत होता, हे त्या पडण्यातूनच जाणकाराला उमगते.

प्रश्न : आमचे ग्रामदैवत सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. जांभ्या दगडाचा गाभारा आणि लाकडी खांबांचा कौलारू सभामंडप आहे. आमच्या मुंबईकर मंडळातील एका उद्योजकाने मोठी रक्कम देऊ केली आहे. अट अशी की, सभामंडप पाडून स्लॅबचा करावा, आत ग्रॅनाइट बसवावे आणि त्यांच्या वडिलांचे नाव गाभाऱ्याच्या द्वारावर कोरावे. नकार दिला तर पैसा जातो, होकार दिला तर देऊळ जाते. कार्ल्याच्या लेण्यातही देणगीदारांची नावे खांबांवर कोरलेली आहेत, असा त्यांचा युक्तिवाद आहे.
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : युक्तिवाद चतुर आहे आणि त्यातील माहिती खरी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे आहेत आणि त्यांत स्वतःला यवन (म्हणजे ग्रीक) म्हणवणारेही आहेत. पण तेथे ज्याने खांबासाठी दान दिले, त्याचे नाव त्या खांबावर आहे; आधी कोणी उभारलेल्या खांबावर नंतरच्याने आपले नाव घातलेले नाही. हाच न्याय आपल्या उद्योजकांना लावता येईल आणि तो त्यांना पटण्याचाही संभव आहे. त्यांनी जे नवे दिले असेल, त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव यावे. गाभाऱ्याचे द्वार त्यांनी दिलेले नाही.

त्यांनी काय द्यावे, हे मात्र देवळाने सांगायला हवे. कोकणातील जुन्या देवळांचे खरे दुखणे बहुधा छपरात असते. कौले सरकलेली असतात, रिपा कुजलेल्या असतात, वासे वाळवीने पोखरलेले असतात, आणि चार महिन्यांच्या पावसाचे पाणी खांबांच्या माथ्यावर झिरपत राहते. छपर उतरवून, चांगले लाकूड राखून, कुजलेल्या तेवढ्याच वाशांच्या जागी त्याच जातीचे सुके लाकूड घालून ते पुन्हा चढवणे हे या कामातील खर्चिक अंग आहे, आणि काम पुरे झाल्यावर ते कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणूनच त्याला दाता मिळत नाही आणि फरशीला मात्र दहा मिळतात. उद्योजकांनी संपूर्ण छपराचा खर्च उचलावा, एका नव्या तुळईवर त्यांच्या वडिलांचे नाव व वर्ष सुबकपणे कोरावे आणि देवळाबाहेर पाणपोईजवळ किंवा भक्तनिवासात सर्व दात्यांचा एकच फलक लावावा, असा लेखी प्रस्ताव समितीने त्यांच्यापुढे ठेवावा.

स्लॅब का नको, हे त्यांना भावनेच्या भाषेत न सांगता कारणांनिशी सांगावे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असतो तोवर हा व्यवहार सुरळीत चालतो. सिमेंटचा गिलावा, ऑइलपेंट किंवा ग्रॅनाइट चढवले की ओल आत कोंडते, वाट शोधत भिंतीत वर चढते आणि काही वर्षांत रंगाला फुगे येतात, गिलावा पोपड्यांनी सुटतो, दगडाच्या पृष्ठभागावर क्षारांची पांढरी फुले दिसू लागतात. लोणा लागला म्हणून लोक पुन्हा सिमेंट चढवतात. शिवाय लाकडी सांगाड्याचा भार वाहण्यासाठी बांधलेल्या भिंतींवर स्लॅबचे वजन टाकता येत नाही, म्हणून नवे कॉलम येतात, आणि अखेरीस जुन्याचे काहीच उरत नाही. कोकणपट्टीत गेल्या काही दशकांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली उतरवलेल्या कोरीव खांबांची आणि तुळयांची पुढे काय वाट लागली, हे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांना विचारावे.

तरीही ते अटीवर अडून बसले, तर नम्रपणे नकार द्यावा. गावाच्या हाताशी अचानक आलेली मोठी रक्कम ही जुन्या वास्तूला पैशाच्या टंचाईपेक्षा अधिक धोक्याची असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. टंचाईत देऊळ हळूहळू जीर्ण होते आणि दुरुस्तीला वाव राहतो. पैसा आला की ते एका उन्हाळ्यात पाडले जाते.

प्रश्न : घरटी किती पट्टी बसवावी? काहींच्या मते एकरी हिशेब करावा, काहींच्या मते सर्वांना सारखी रक्कम असावी. जे देणार नाहीत त्यांची नावे फलकावर लावावीत, अशीही सूचना आहे. शिवाय गावातील एका दुकानदाराने बारवेसाठी सिमेंटच्या गोण्या फुकट देऊ केल्या आहेत.
– एक वाचक, बार्शी तालुका, जि. सोलापूर

उत्तर : न देणाऱ्यांची नावे लावण्याची सूचना तेथल्या तेथे फेटाळावी. वर्गणी ऐच्छिक असते. ती न दिल्यामुळे एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट गेली, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. कायद्याचे बाजूला ठेवले तरी आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ज्या वस्तीला एके काळी या बारवेचे पाणी भरू दिले जात नव्हते, त्या वस्तीकडेही आज आपण ‘आपला वारसा’ म्हणून पट्टी मागणार असतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला; ती आठवण घराघरांत जिवंत आहे. त्या वस्तीतील माणसे आधी समितीवर असावीत, काय दुरुस्त करायचे हे ठरवण्यात त्यांचा शब्द असावा, आणि मग वर्गणीचा विषय काढावा. हा क्रम उलटा झाला, तर मिळणारा नकार रास्त मानावा.

रकमेविषयी आमचे मत असे की, सारखी पट्टी दिसायला न्याय्य असली, तरी भूमिहीन मजुराला ती जड आणि बागायतदाराला नगण्य होते. किमान रक्कम कोणालाही सहज देता येईल इतकी लहान ठेवावी आणि त्यावर ज्याने त्याने आपल्या मनाने द्यावे. ज्वारी, गहू, कडबा, ट्रॅक्टरची खेप, कारागिरांचे जेवण, त्यांच्या राहण्यासाठी रिकामी खोली ही देणगीच समजावी आणि बाजारभावाने तिची किंमत धरून वहीत नोंद करावी. ऊस असलेल्या भागात कारखान्याच्या बिलातून टनामागे ठरावीक रक्कम वळती करण्याची पद्धत काही गावे वापरतात. तिला प्रत्येक शेतकऱ्याची सही असलेली संमती हवी. मागणीची वेळ सुगीनंतरची असावी. जूनमध्ये बियाणे-खतांच्या उधारीत असलेल्या माणसाच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जाऊ नये.

परंतु किती जमवायचे, हे ठाऊक नसताना घरटी आकडा ठरवणार कसा? म्हणून वर्गणीचे टप्पे पाडावेत. पहिला टप्पा केवळ मोजणी, नकाशे आणि अंदाजपत्रकापुरता ठेवावा. वास्तुसंवर्धनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून हे काम करून घ्यावे. नेहमीच्या इमारती बांधणाऱ्या अभियंत्याचे अंदाजपत्रक येथे उपयोगी पडत नाही. वारसा जतनासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या इन्टॅक या संस्थेच्या स्थानिक शाखा योग्य व्यक्तींची नावे सुचवू शकतात, आणि स्थापत्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजणी करून देतात. अंदाजपत्रक आले की कामाचे असे तुकडे करावेत की, पुढचा पैसा आला नाही तरी झालेला तुकडा स्वतंत्रपणे टिकावा. आधी पडझड थांबवणे आणि पाण्याचा निचरा, त्यानंतर भिंती, आणि सुशोभीकरण सर्वांत शेवटी. दिव्यांचे खांब, रंगीत कारंजी आणि ‘आय लव्ह’ लिहिलेली अक्षरे यांना अंदाजपत्रकात जागाच देऊ नये, ही आमची वैयक्तिक विनंती समजावी.

आता सिमेंटच्या गोण्या. दुकानदाराचे आभार मानून त्या शाळेच्या कुंपणासाठी वापराव्यात. बारवेची भिंत ही पाणी अडवणारी भिंत नाही. भोवतालच्या जमिनीतील पाणी दगडांच्या सांध्यांतून आत झिरपावे, अशीच तिची रचना असते. अनेक यादवकालीन बारवांचे दगड चुन्याविना, नुसते घडवून एकमेकांवर बसवलेले आहेत. हे सांधे सिमेंटने बुजवले की झरे बंद होतात, पावसाळ्यात भिंतीमागे पाण्याचा दाब साचतो आणि तो भिंत आत ढकलू लागतो. मजबुतीसाठी केलेल्या कामाने भिंत कोसळते ती अशी. जेथे मुळात चुना वापरलेला आहे, तेथे चुनाच वापरावा. कळीचा चुना भिजवून, काही दिवस मुरू देऊन, वाळू आणि विटांच्या भुकटीबरोबर घाण्यात मळतात. त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची रीत आहे. तो सावकाश घट्ट होतो, म्हणून कडक उन्हात ओले गोणपाट टाकून त्याला जपावे लागते आणि मुसळधार पावसात तो लावता येत नाही. दिवाळीपासून उन्हे तापेपर्यंतचे महिने या कामाला उत्तम. भिंतीत उगवलेला पिंपळ किंवा उंबर उपटू नये. मुळांबरोबर दगड बाहेर येतात. तो कापून, मुळे जागीच मारून, ती वाळल्यावर सांधे भरावेत.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. आमच्या मूळ गावच्या वाड्यासाठी आणि वेशीसाठी येथील मित्रांकडून पैसे गोळा करून पाठवू इच्छितो. काही अडचण आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पैसे पाठवणाऱ्याचे पारपत्र कोणते, यावर उत्तर अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अभिदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) मानली जात नाही. ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, विदेशी अभिदान ठरते, आणि ती घेण्यासाठी गावच्या न्यासाकडे २०१० च्या विदेशी अभिदान (विनियमन) कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. गावच्या छोट्या न्यासाला हे झेपणारे नाही. त्यामुळे सर्वांचे पैसे आपल्या खात्यात एकत्र करून आपल्या नावाने पाठवण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण त्यात अडकतो तो गावाकडचा न्यास. भारतीय पारपत्रधारक मित्रांनी आपापल्या खात्यांतून थेट रक्कम पाठवावी आणि पावतीवर प्रत्येकाचे नाव, पत्ता व पारपत्र क्रमांक असावा. वाडा खासगी मालकीचा असल्यास त्यासाठी सार्वजनिक वर्गणी मागू नये; वेशीसाठी मागावी.

भारतातील आप्तांकडून देणगी घेताना एक लहान गोष्ट लक्षात असू द्यावी. न्यासाला देणगीवरील करसवलतीची (८० जी) मान्यता असली, तरी २,००० रुपयांवरील रोख देणगीवर दात्याला ती सवलत मिळत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी खर्च करता येतो, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत तो विषय आहे. पण कंपन्या नोंदणी आणि तयार नकाशे-अंदाजपत्रक असल्याशिवाय अर्ज पुढे नेत नाहीत.

प्रश्न : बारवेतील गाळ काढताना तांब्याची काही नाणी आणि एक भग्न मूर्ती सापडली. ती विकून येणारी रक्कम बारवेच्याच निधीत टाकावी, असे समितीतील काहींना वाटते. पैसा गावाच्याच कामी येणार असल्याने हरकत नसावी, असा त्यांचा विचार आहे.
– एक वाचक, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : हरकत आहे. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती काय आहे, कोठे आणि कोणत्या तारखेला सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि नाणी १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरतात आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. नाणी घासून-पुसून चकचकीत करू नयेत. त्यांवरील अक्षरे त्यातच जातात. ती ज्या मातीत मिळाली ती थोडी मातीही वेगळ्या पिशवीत ठेवावी, तलाठ्यांना बोलावून पंचनामा करून घ्यावा आणि त्याची प्रत समितीच्या दप्तरात जपावी. मूर्ती गावातल्या देवळात नेऊन शेंदूर लावण्याची तयारी सुरू झाली असल्यास ती आजच थांबवावी. आणि गाळ काढण्याचे काम, पुरातत्त्व खात्याचा माणूस येऊन जागा पाहीपर्यंत, बंद ठेवावे. त्या दिवसांची मजुरी आधीच कबूल केलेली असेल, तर ती निधीतून द्यावी आणि वहीत त्याच कारणाने लिहावी.